आखाडातलं बंदर

आखाड लागलाय. आज शाळेत शिकवून घरी आले तर शेजारच्या घरातून कापण्यांचा वास येत होता. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, तिच्यात चिमूटभर बडीशेप, वर खसखस आणि कढईत तापलेलं तेल. या महिन्यात आमच्या कळंबात गल्लोगल्ली असं तळण निघतं. पर्स खांद्याला तशीच ठेवून मी उंबऱ्यात थांबले. खुर्चीत टेकले असते तर पुन्हा उठणं झालं नसतं. हल्ली थकवा असा येतो, की झोपूनही जात नाही. सकाळी तो माझ्याआधी उठून बसलेला असतो. पण त्या वासानं या थकव्याच्याही खालचं काहीतरी हललं. वासाला बोलावणं धाडावं लागत नाही. तो आपला आत येतो आणि जुनं माणूस असल्यासारखा घरभर फिरतो.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. वडील रेल्वेत गँगमन, येडशीला. भूगोल घेऊन मी बी.ए. झाले, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते, आणि का होऊ नये? हे मला बघायला आले तेव्हा यांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही. खिशातून घडी घातलेला कॅलेंडरचा कागद काढला. निळा समुद्र, त्याच्या कडेला उतरत आलेली चुन्यासारखी पांढरी घरं. सासऱ्यांच्या आडतीवर बियाण्यांच्या कंपनीचं कॅलेंडर लागलेलं असायचं, त्यातलं हे चित्र यांनी शाळकरी वयापासून जपलं होतं. "हे गाव कुठलं असंल, सांगता येईल का?" मी म्हटलं, "ग्रीसचं बेट आहे." माझ्या मावशीला वाटलं, मुलगा जरा हललेला दिसतोय. मला मात्र तो कागद परत घडी करताना यांनी घेतलेली काळजी आवडली.

लग्न वैशाखात झालं. आमच्याकडची नवी जोडपी तेव्हा महाबळेश्वरला जायची, फार तालेवार असली तर गोव्याला. आम्ही ठरवलं ग्रीस. पुण्याच्या एका सहल कंपनीशी बोलणं झालं, पासपोर्ट आले, यांच्या तहसील कचेरीतली रजा मंजूर झाली. आम्ही दोघांनी तिकडच्या वाऱ्यांचा अभ्यास केला, समुद्र कधी कोमट असतो ते पाहिलं, एका बेटावरून दुसऱ्यावर बोटी कोणत्या दिवसांत जास्त सुटतात ते शोधलं. दोन पदवीधर डोकी होती. पंचांग मात्र एकानंही उघडलं नाही. तारीख आली ती नेमकी आखाडात.

ज्यांना हा रिवाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नवी नवरी सासरी राहत नाही. सासूसुनेनं एकमेकींचं तोंड पाहायचं नाही, नवराबायकोनंही नाही. महिनाभर माहेरी. सासूबाईंना तारीख कळली तेव्हा त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"आखाडात? अन् ते बी दोघं मिळून?"

"आई, तिकडं आखाड नसतो," हे म्हणाले.

"चंद्र तिकडं बी ह्योच हाय न्हवं? मंग आखाड कसा नसंल?"

"तोंडच बघायचं नाही ना? एवढ्या लांब गेल्यावर तुला हिचं तोंड दिसतंय कुठं?"

"माझं ऱ्हाऊ दे. तू काय डोळं झाकून फिरणार हायेस व्हय रं, दर्यापल्याड?"

मला राग आला आणि हसूही आलं. दोन्ही गिळून मी पदर नीट केला. यांनी खूप वाद घातला, पण आईच्या डोळ्यांत पाणी आल्यावर माघार घेतली. पुढच्या वर्षी जाऊ, असं ठरलं. माझी पेटी येडशीला गेली.

त्या महिन्यात मी माहेरच्या ओट्यावर शाळेतला जुना नकाशासंग्रह मांडीवर घेऊन बसायची. समोर रामलिंगाच्या बाजूचे डोंगर, नुकतेच हिरवे व्हायला लागलेले. दिवेलागणीला यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही, पहिलाच प्रश्न असायचा, "आज कुठं?" मग मी सांगायची. आज आपली बोट सुटली. आज बेट लागलं. डोंगर उन्हाळ्यातल्या आपल्या येडशीसारखेच आहेत, खडकाळ, उघडेबोडके, फक्त पायथ्याला शेताच्या जागी पाणी आहे. हे विचारायचे, पाणी किती निळं आहे, जेवायला काय मिळतं, भाकरी मिळते का. मी म्हणायची, "तुम्ही भाकरी सोडा हो चार दिवस." आम्ही अख्खा किनारा असा फिरलो. कुठल्या बेटावर मुक्काम लांबवायचा यावरून भांडलोसुद्धा. एकमेकांना धड ओळखतही नव्हतो आम्ही. ओळख झाली ती त्या बोटीवर.

एके दिवशी हे म्हणाले, "उद्या कामासाठी लातूरला चाललोय, वाट वाकडी करून, रेल्वेनं. खिडकीशी बसतो. तू फलाटावर ये. तोंड न्हाई दाखवत."

मी गेले. वडील माझ्याशेजारी उभे राहिले, रुळांकडं बघत, जणू त्यांना तिथं काहीतरी तपासायचंच होतं. गाडी थांबली. एका खिडकीत तोंडासमोर वर्तमानपत्र उघडं धरून एक माणूस बसला होता. त्या पेपराखालून हात बाहेर आला, हातात स्टीलचा डबा.

"आईनं दिल्यात. कापण्या."

"मला?"

"म्हणली, बोटीत भूक लागंल तिला."

म्हणजे सासूबाई रोज सगळं ऐकत होत्या! मी काही बोलायच्या आत गाडी हलली. पेपर काही खाली आला नाही, पण तो हसण्यानं हलत होता.

आखाड संपला, मी परत आले. श्रावणात घरचे सगळे एका जीपमध्ये कोंबून तुळजापूरला गेलो, येताना नळदुर्गच्या किल्ल्यात थांबलो. बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याकडं बघत हे माझ्या कानाशी म्हणाले, "हे पहिलं बेट समज." मग पुढचं वर्ष आलं आणि लेकीच्या वेळचे दिवस गेले. मग सासऱ्यांचं दुखणं, माझी नोकरी, यांच्या बदल्या. पासपोर्टांची मुदत कोऱ्याच पानांवर सरली. "आज कुठं?" हा प्रश्न कधी थांबला ते आठवत नाही. भांडून थांबला असता तर लक्षात राहिला असता.

लेक आता पुण्यात शिकते. गेल्या आठवड्यात तिनं फोनवर सगळी सहल मांडून पाठवली, बंदरं, बोटी, बेटं. आज सकाळी म्हणाली, "आजीजवळ मी राहते. ह्या वर्षी जाच तुम्ही. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, म्हणजे पुढचं बघते." सासूबाई पडल्यापासून अंथरुणातच आहेत. त्यांनीही निकाल दिला, "जावा. आता कुठला आखाड अन् कुठलं काय. म्या ही अशी आडवी. तुला बघायचं म्हणलं तरी मान वळत न्हाई."

आडकाठी कोणाचीच उरली नव्हती. आणि मी मनात हात घालून पाहिलं तर तिथं समुद्रच नव्हता. मला फक्त झोपायचं होतं. भीती वाटली ती याची. जायला मिळालं नाही याचं दुःख करता येतं, त्यात एक ऐट असते. पण जावंसंच वाटेनासं झालं, तर मग त्या ओट्यावरच्या मुलीला काय सांगायचं? आणि पेपराआडच्या त्या माणसाला?

मी शेवटी दारातच टेकले, तोवर हे कचेरीतून आले. बूट काढून माझ्याशेजारी उंबऱ्यात बसले. त्यांच्याही पायांना सूज आहे हल्ली.

"पोरीला काय कळवायचं?"

शेजारचा वास अजून येत होता. त्यांनीही तो घेतला असावा, कारण माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "आज कुठं?"

इतक्या वर्षांनी.

"बंदरावर," मी म्हटलं. "बोट लागलीय."

"मग, चढायचं?"

"बसू जरा. पाय दुखतात माझे."

"माझे बी." पाय चोळत म्हणाले, "बोट जाईल की."

"जाऊ द्या. तुम्ही बसा."

लेकीला कळवलं, या वर्षी नको. ती रुसली. तरुण माणसाला बंदरावर बसणं म्हणजे बोट चुकणं वाटतं. मलाही वाटलं असतं. पण चुकलेल्या बोटीकडं बघत शेजारी कोणीतरी बसलेलं असणं, हेही काही थोडं नाही, असं मला त्या उंबऱ्यात वाटलं. कदाचित ही थकलेल्या माणसानं काढलेली समजूत असेल. असली तरी माझी आहे.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. कान अजून तसेच आहेत त्यांचे.

"कोण चाललंय गं बोटीनं? कापण्या केल्याबिगर जाऊ नका."

मी पर्स खुंटीला अडकवली आणि गूळ भिजत घातला.