फुलोऱ्यातली तूर

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी तो अकरा मिनिटांचा माहितीपट पाहिला, तेव्हा मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो होतो. तो करणारा माणूस माझ्याच वयाचा. लातूरच्या कार्यालयात आमची टेबले शेजारी होती आणि कित्येक वर्षे तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसून फोटो काढायला आला. बातमी माझी, फोटो त्याचा. ठळक अक्षरांत नाव माझे. नोकरी सोडून तो बदलत्या हवामानावर छोटे माहितीपट करू लागला, तेव्हा मी त्याला वेड्यात काढले होते. आता सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटाच बसून राहिलो असतो तर दिसले असते, म्हणून मीही उठलो.

विषय रेणापूरजवळच्या एका गावाचा होता. पावसाने दगा दिलेल्या वर्षी रानातली हरणे पाण्यासाठी शिवारात येतात आणि एक शेतकरी बाई रोज घरच्या पाण्यातली एक घागर बांधावरच्या सिमेंटच्या टाक्यात ओतते. निवेदन जवळजवळ नव्हते. बाईचा हात, घागर, मग दूर मान वर करून उभा काळवीट. दृश्य उत्तम होते. ती बाई माझ्या ओळखीची होती. तिच्यावर मी एकदा दोन परिच्छेद लिहिले होते.

मग मला चूक दिसली. काळविटाच्या मागे तूर फुलोऱ्यात होती, पिवळीधमक. म्हणजे हे दिवाळीच्या आगेमागे टिपलेले. टंचाई तर उन्हाळ्यातली. आमच्या वर्तमानपत्रात होळी झाली की टंचाईचे पान लागायचे: आधी रिकाम्या घागरी, मग टँकर, मग जनावरे. गड्याने हिवाळा उन्हाळा म्हणून दाखवला होता. मला झालेला आनंद चांगलाच मोठा होता.

बाहेर तो चहाचे दोन कप घेऊन आला. म्हणाला, "काय मालक, मागं बसून चुका काढायलास का?"

"एक सापडली."

"एकच? म्हातारा झालास की रे."

कोणती, ते मी सांगितले नाही. ती मला छापून यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवारच्या पानासाठी मजकूर तयार केला. पण समोरच्याला विचारल्याशिवाय आरोप छापायचा नाही, ही सवय जुनी. त्याला विचारायचे नव्हते, म्हणून बाईला विचारायला रेणापूरकडे निघालो.

ती तुरीच्या काड्यांचा भारा बांधत होती. मी विचारले, "टाकं कधी भरता? उन्हाळ्यातच ना?"

"उन्हाळ्यात तर भरतोच. त्या साली दिवाळी झाली अन् बोर आटला. हरणं तोंडाला वल मिळावी म्हणून कोवळी तूर ओरबाडायलीत, मग काय करावं? प्यायला मिळालं की मुकाट जात्यात."

"म्हणजे धर्म म्हणून नाही?"

ती हसली. "धर्म बी हाय अन् तूर बी हाय, सायेब."

मी वही मिटत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमालाच फोन केलता की आदी. तुमी म्हणलाव, उन्हाळा लागू द्या, येतो. आलाव न्हाई. मग ह्या फोटोवाल्या दादाला केला. ते दुसऱ्या दिशी हजर. चार दिस बांधावर बसून व्हते."

फोन मला आठवला. कार्यालयात होतो. दिवाळीत टंचाईची बातमी कोण लावणार, असे वाटले होते, आणि नंतर मी विसरून गेलो होतो.

परत येऊन तो मजकूर पुसला. नवा लिहिला. टंचाई आता कॅलेंडर पाहून येत नाही, हे या माहितीपटाने फुलोऱ्यातल्या तुरीसकट दाखवले, असे त्यात म्हटले. ते खरे होते. रविवारी त्याचा फोन आला.

"लई भारी लिहिलंस. अन् ती चूक कुठं गेली?"

"नव्हती," मी म्हणालो.

बाईने पहिला फोन मला केला होता, हे मात्र मी छापले नव्हते. त्यालाही सांगितले नाही. हेवा अजून आहे. ते दृश्य आठवले की मला काळविटाआधी तूर दिसते.