हळवा कॉम्प्युटर

भाताच्या हिशेबाने कॉम्प्युटर निवडणारा महाडातला पहिला माणूस मी. माझ्या माहितीप्रमाणे शेवटचाही मीच.

माझी बायको सुलभा तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवायची. पोलादपूर, वरंधकडून पोरी एसटीने यायच्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पोरींना नोकऱ्या लागायच्या तर आता कॉम्प्युटर यायला हवा, असं सुलभाच्या मनाने घेतलं. मुंबईला बहिणीकडे राहून ती कोर्स करून आली आणि येताना सगळे धडे फ्लॉप्यांवर भरून घेऊन आली. बशीएवढ्या, काळ्या, लवलवणाऱ्या फ्लॉप्या! दारावर नवी पाटी लागली, उद्घाटनाचा रविवार ठरला. यंत्र मागवायचं काम तेवढं माझ्याकडे होतं.

"वीस-बी मागवा," सुलभाने मला बजावलं होतं. "दुसरं काही नको."

पण मी पडलो कचेरीतला कारकून. पत्रक वाचल्याशिवाय मला चैन पडेना. कंपनीच्या पत्रकात वीस, वीस-बी, वीस-प्लस, पंचवीस, पंचवीस-प्लस, तीस आणि तीस-ज्युनिअर अशी पिलावळ होती. वीस-प्लस हा पंचवीसपेक्षा नवा. पंचवीस-प्लस मात्र पंचवीसपेक्षा जुना. तीस-ज्युनिअर तर तीसच्याही आधी जन्मलेला (आमच्या घराण्यात ज्युनिअर नंतर येतो). आकड्याने मोठा तो चांगला म्हणावं, तर प्लस आडवा येई. प्लस चांगला म्हणावं, तर बी काय ते कळेना. दोन दिवस मी जेवताना ते पत्रक ताटाशेजारी ठेवत होतो.

तेवढ्यात कुडपणहून माझे मामा आले. त्यांची सगळी हयात डोंगरावरच्या शेतीत गेलेली. त्यांना आकड्यांचं नवल वाटलं नाही. सरकारी भाताच्या बियाण्यालाही नंबर असतातच की! त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वसंता, ह्यातला हळवा कंचा आन गरवा कंचा?"

हळवं भात लवकर तयार होतं, गरवं उशिरा. मी आधी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की दोन दिवसांत पत्रकाबद्दल कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न आहे.

"डोंगरावं हळवाच बरा," मामा म्हणाले. "गरवा घेशील तर बसशील वाट बघत."

मी पोस्टात जाऊन मुंबईच्या दुकानदाराला ट्रंक कॉल लावला आणि विचारलं, यातला हळवा कोणता? त्याने दोनदा 'काय?' विचारलं. मग मी खुलासा केला, लवकर तयार होणारा. दुकानदार खुलला. बटण दाबल्यावर सगळ्यात लवकर तयार होतो तो तीस, असं त्याने सांगितलं. मी तीस मागवला. सुलभाला म्हटलं, वीस-बीपेक्षा दहाने वरचा आणतोय. तिने कपाळाला हात लावला.

रविवारी खोली पोरींनी भरली. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, सासरे दोन शब्द बोलले. सुलभाने बटण दाबलं आणि यंत्र खरोखरच चटकन तयार झालं. मामांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग सुलभाने पहिल्या धड्याची फ्लॉपी उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. तीसची फट जेमतेम बिस्किटाच्या पुड्याएवढी. तो नव्या, छोट्या फ्लॉप्या खाणारा निघाला!

काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी ती फ्लॉपी घेऊन मधोमध घडी घातली. (लवलवणारी वस्तू दिसली की कारकून तिची घडी घालतो, त्याला इलाज नाही.)

"कडा जरा कापून बग," मामांनी सुचवलं.

सुलभाने माझ्या हातातून धडा पहिला काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते. पण पोरी इतक्या लांबून आलेल्या. तिने पदर खोचला आणि दिवसभर त्यांना यंत्र चालू कसं करायचं आणि बंद कसं करायचं एवढंच शिकवलं. यंत्र हळवं असल्यामुळे प्रत्येकीची पाळी भराभर आली.

दुकानदार यंत्र बदलून द्यायला तयार झाला. मात्र त्याच्या म्हणण्याप्रमाणे वीस-बी आता कंपनीने बंद केला होता. चाळीस-ए म्हणजेच वीस-बी, चाळीस-बी म्हणजे तीस. हे ऐकून माझे डोळे चमकले, तशी सुलभा मला घरी ठेवून स्वतः मुंबईला गेली. दुकानात तिने नंबर विचारलाच नाही. हातातली फ्लॉपी एकेका यंत्रात घालून पाहिली आणि जिथे ती बसली ते यंत्र घेऊन आली. त्या यंत्रावर कितीतरी पोरी शिकल्या, नोकरीला लागल्या. त्याचं मॉडेल कोणतं हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. कुकरची रिंग आणायची असली की जुनी रिंग माझ्या हातात दिली जाते, बल्ब आणायचा तर गेलेला बल्ब. मी याला कधी हरकत घेतली नाही. परवा मात्र बाजारात निघालो, तर सुलभाने कोथिंबिरीची एक काडी माझ्या खिशात खोचली.