सरांची ब्रेल पट्टी

गोंडपिपरीच्या आमच्या कॉलेजात लिनक्सवर चालणारे संगणक म्हटलं की आठ वर्षं माझंच नाव निघायचं. ग्रंथालयातलं मशीन अडलं की प्राचार्य म्हणायचे, "बाईले बोलवा." मग नागभीडची एक मुलगी नोकरीला लागली आणि दोन महिन्यांत सगळे तिच्या टेबलाकडे वळायला लागले. मला ते सहन होईना, खोटं कशाला बोलू.

त्या शुक्रवारी प्रयोगशाळेचा तापमान मोजायचा नवा सेन्सर ग्रंथालयातल्या त्याच मशीनच्या यूएसबीला जोडला, तर चालेना. स्क्रीनवर त्याच्या जोडणीचं पोर्ट दिसायचं आणि लगेच गायब व्हायचं. मी वायर बदलली, तीनदा मशीन बंद-चालू केलं. ती मागून म्हणाली, "ताई, मी पाहू का जी?" ताई म्हणे! तिनं मशीनच्या नोंदींचा लॉग उघडला आणि पाच मिनिटांत सांगितलं, की ब्रेलचा प्रोग्राम सेन्सरला आपलंच यंत्र समजून पोर्ट बळकावतोय. तिनं तो प्रोग्रामच काढून टाकला. सेन्सर चालला. प्राचार्यांनी तिला चहा पाजला, इकडे माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तो प्रोग्राम कोणासाठी आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. इतिहासाचे सर अंध आहेत. दर सोमवारी ते याच मशीनला ब्रेल पट्टी लावून, वर येणारे ठिपके बोटांनी वाचत तासाची तयारी करतात. तरी मी गप्प राहिले. होऊ दे तिची फजिती, म्हटलं. रविवारी घरी बसून उपायही वाचून ठेवला.

सोमवारी सर बसले. पट्टीवर बोटं फिरवली, पँटला पुसली, पुन्हा फिरवली. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बाई, शुगरनं बोटं बधिर होतीन, असं डॉक्टरनं सांगतलं होतं. मले ठिपकेच लागून नाई राह्यले. आता वाचाचं कसं जी?"

"बोटं चांगली हायेत सर, मशीनच बिघडलं," मी घाईनं म्हणाले. प्रोग्राम परत टाकला, तो ज्यांना आपली यंत्रं समजतो त्या यादीतली सेन्सरची ओळ बंद केली. दहा मिनिटांत दोन्ही चाललं. सरांचे डोळे भरून आले. "बाई, तुमच्याबिगर आमचं काई खरं नाई." तीन दिवस मी हेच ऐकायला थांबले होते.

ती मुलगी पुढे आली. "सर, प्रोग्राम मीच काढला होता, कोणाले विचारलं नाई. माफ करा." ग्रंथालयातल्या सगळ्यांदेखत म्हणाली. मला शुक्रवारीच सगळं माहीत होतं, हे मी सरांना आजवर सांगितलेलं नाही. तिला ते जमलं, याचाही मला हेवा वाटतो.