दाजींचं मगर घराणं

लोणावळ्यात आजवर पुष्कळ मोठी माणसं हवा खायला येऊन गेली. कुणाचे बंगले होते, कुणाच्या मोटारी होत्या, एकाकडे तर पांढरा घोडाही होता. पण अख्खं राष्ट्र पदरी बाळगणारा माणूस या गावात एकच झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. राष्ट्र म्हणजे खरोखरीचं राष्ट्र. त्याला नकाशा होता, राजधानी होती, झेंडा होता, दोन शेजारी होते आणि त्यांतला एक आतल्या गाठीचा होता. त्याचं नाव सप्ततळी प्रजासत्ताक. सात तळी, भरपूर नद्या आणि मधे मधे डोंगर असा तो मुलूख. म्हणजे आपल्या मावळासारखाच. फरक इतकाच, की तिथे आमचे दाजी सर्वेसर्वा होते आणि इथे ते धरणाच्या कचेरीत आराखडे काढायचे. अशा मुलखाचं रक्षण करायला साधे रणगाडे उपयोगाचे नाहीत हे उघड आहे. निदान दाजींना ते उघड होतं. मलाही ते व्हावं म्हणून त्यांनी माझे किती रविवार घेतले असतील त्याला सुमार नाही. जमिनीवर मोटारीसारखी धावणारी आणि पाण्यात उतरली की होडी होणारी, आठ चाकांची, चिलखत चढवलेली गाडी त्यांनी त्या देशासाठी काढली. तिचं नाव मगर. मग एका मगरीवर कुठे भागतंय. त्याच सांगाड्यावर तोफेची मगर झाली, दवाखान्याची झाली, पूल टाकणारी झाली, भटारखान्याची झाली, आणि होता होता एक घराणंच उभं राहिलं. "सख्ख्या बहिणी आहेत या," दाजी सांगत. "हाडं एक, अंगावरचे दागिने निराळे."

हे सगळं कागदावरच राहिलं असतं तर मी आज आहे त्याहून तरुण दिसलो असतो. पण दाजी गाड्या बनवत. माझं स्टेशनच्या रस्त्याला चिक्कीचं दुकान. तुपाचे रिकामे डबे कायम मागच्या खोलीत पडलेले. त्या डब्यांपायी एका संध्याकाळी मी सप्ततळीचा पोलादमंत्री झालो. मला कुणी विचारलं नाही. दिवसभर उभं राहून पायांचे खांब झालेले असत, घरी जावं आणि गरम पाण्यात पाय सोडून बसावं एवढीच माझी इच्छा; तर दुकानाच्या फळ्या लावता लावता दाजी हजर.

"मंत्रिसाहेब, या महिन्यात उत्पादन कमी पडलं."

"दाजी, गिऱ्हाईकच नाही. तूप संपल्याशिवाय डबा रिकामा कसा होणार?"

"मग जास्त चिक्की करा. देश खोळंबलाय."

डब्याच्या पत्र्याचं चिलखत, बुटाच्या पॉलिशच्या डब्यांच्या झाकणांची चाकं, आत मोडक्या ग्रामोफोनची चावी, आणि सैनिक म्हणजे शिंप्याकडची रिकामी लाकडी रिळं. प्रत्येक रिळाला डोळे, मिशा आणि हुद्दा. दाजी ऐन तारुण्यात पुण्याला फौजेच्या भरतीला गेले होते आणि डोळ्यांच्या तपासणीतून परत पाठवले गेले होते. ते त्याबद्दल कधी बोलत नसत. त्यांच्या सैन्यात मात्र निम्म्या रिळांना चष्मे रंगवलेले होते.

आता या गाड्यांत दोष एकच होता. त्या बुडत. कारण दाजींना सैनिकांचे हाल बघवत नसत. मगरीत पाण्याचा तांब्या हवा, तांब्याखाली तिवई हवी. लोणच्याच्या बरणीला फळी हवी, देवाला कोनाडा हवा. आमच्या गावात पावसाळ्यात कपडे शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर वाळवावे लागतात, नाहीतर आठवडाभर ओलेच राहतात. म्हणून मगरीत शेगडी आली आणि डालगंही आलं. "ओली बंडी घालून माणूस लढेल कसा?" असा त्यांचा प्रश्न असे, आणि मी इतका दमलेला असे की लढायचं कुणाशी, हा माझा प्रश्न मी गिळून टाकी. असा संसार थाटलेली मगर दाजींच्या सरकारी क्वार्टरमागच्या हौदात सोडली, की ती क्षणभर लग्नातल्या विहिणीसारखी ऐटीत तरंगे आणि मग तितक्याच ऐटीत खाली जाई. रिळं लाकडाची, त्यामुळे गाडी तळाला आणि फौज वर, चष्म्यांसकट. दाजी हौदावर वाकून एकेकाला बोटानं कडेला घेत, "जीवितहानी नाही," असं जाहीर करत आणि समाधानानं चहाला घरात जात.

दुसऱ्या कुणीही मग गाडी हलकी केली असती. दाजी नदी उथळ करत. यात चूक त्यांची नव्हती, नोकरीची होती. धरणाच्या कचेरीत आराखड्यावर आधी भिंत काढायची, मग दरवाजे, आणि पाण्याची निळी रेघ सगळ्यांत शेवटी मारायची. वरून हुकूम आला की ती रेघ खोडायची आणि खाली मारायची. दोन-चार दिवसांत खिडकीबाहेरचं पाणीही निमूट खाली उतरलेलं दिसे. जन्मभर हे पाहिलेल्या माणसाला भिंत हलवणं अवघड आणि पाणी हलवणं सोपं वाटणारच. एक मगर बुडाली की दाजी नकाशा उघडत, रबर घेत, आणि सप्ततळीतली एखादी नदी ओढा होई. पूल टाकणारी मगर बुडाली त्या दिवशी चौथं तळं साफ आटलं.

ताई शेजारी बसून तांदूळ निवडत असे. ती एकदा मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या देशातल्या बायका आता पाणी कुठनं आणतात?"

"विहिरी आहेत."

"गाळ काढलाय का त्यांचा?"

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. पुढच्याच आठवड्यात मगर घराण्यात विहिरीतला गाळ काढणारी बहीण जन्माला आली. तीही बुडाली.

ताईला त्यांनी अन्नमंत्रिपद देऊ केलं होतं. ती म्हणाली, तेच करतेय की इतकी वर्षं, शपथ कशाला घ्यायची. पण घराण्याचा खरा भार तिच्यावर होता. लोणावळ्याच्या हवेत लोखंड चार दिवस कोरडं राहत नाही. श्रावण लागला की मगरींना गंज चढे, आणि ताई घरातलं सगळं आवरून, रॉकेलचं फडकं घेऊन एकेक गाडी पुसत बसे. फळीवर गाड्या, कपाटावर गाड्या, पलंगाखाली गाड्या. पीठ काढायला डबा उघडावा तर आत तोफ. ती कधी भांडली नाही. पुसताना फक्त मनगट दाबून धरायची आणि खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघायची.

मग दाजी निवृत्त झाले. पासष्ट साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. क्वार्टर सोडायचं होतं आणि तळेगावला दोन खोल्या घेतल्या होत्या; त्यांत माणसं मावतील की नाही याचीच शंका, तिथे फौज कुठे ठेवणार. सामानाची बांधाबांध चालली होती. मी सुतळी धरून उभा होतो. ताई पाट-पोळपाट बांधता बांधता थांबली.

"एक सांगते," ती म्हणाली. "जी गाडी पाण्यातनं पलीकडे जाईल, ती आपल्याबरोबर तळेगावला येईल. बाकीच्या भंगारवाल्याला. मला आता पुसवत नाही."

मी दाजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता विधिमंडळ भरणार. पण त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, "रास्त आहे."

त्यांनी निवडली ती पहिली मगर, सगळ्यांत थोरली, पेटीएवढी. मी त्या आठवड्यात त्यांच्या मागे लागलो. "दाजी, निदान तांब्या काढा."

"माणसं तहानलेली पाठवू?"

"शेगडी तरी."

"पलीकडे थंडी असली तर?"

"मग देव काढा," मी वैतागून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच दोन हात जोडले. गाडीतलं काही निघणार नाही हे ठरल्यावर त्यांनी आपल्या सवयीचा मार्ग धरला. म्हणजे उथळ पाणी शोधलं. औंढ्याच्या बाजूला एक लहानसं तळं आहे. वैशाखात त्यात घोट्याच्या वर जेमतेम पाणी उरतं. एका दुपारी जाऊन काठी घालून त्यांनी मापं घेतली आणि मला येऊन सांगितलं, की चाकं शेवटपर्यंत तळाला टेकून राहतील. "पाण्यातनं जाणं महत्त्वाचं, तरंगणं नव्हे," असा खुलासाही त्यांनी केला. माझी हरकत नव्हती. ती गाडी एकदाची पलीकडे जावी, हे मला आता स्वतःसाठी हवं होतं. पहिल्यांदाच त्या देशाचं काहीतरी व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

ठरल्या सकाळी आम्ही तिघं टांग्यातून औंढ्याला गेलो. मगर माझ्या मांडीवर, त्यामुळे उतरलो तेव्हा मला पाय नव्हतेच. तळ्याच्या काठी एक म्हातारे आबा म्हशी राखत बसले होते. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कसली पेटी म्हनायची ही, भाऊ? बाजाची हाय का?"

"चिलखती गाडी आहे. पाण्यातनं जाते," दाजी म्हणाले.

"सरकारी?"

"सरकारी."

आबांचा चेहरा उतरला. "परवा काठी घालून मापं तुमीच घेत हुता न्हवं? आमचं तळं घेताय काय?"

"छे हो, आबा. आमचं सरकार कुणाचं काही घेत नाही."

"मंग त्ये कसलं सरकार," आबा म्हणाले आणि निर्धास्त होऊन त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

दाजींनी रिळं एकेक करून आत बसवली. चष्मेवाली पुढे. चावी दिली. ताई जरा लांब बांधावर बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. मगर खडखडत काठावरून उतरली, पाण्यात शिरली आणि खरोखर चालू लागली. आठही चाकं तळाला, अर्धं अंग पाण्यात, मागे गढूळ पाण्याची शेपटी. ताई उठून उभी राहिलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. मगर तळ्याच्या मध्यावर आली, तिचं नाक खाली झालं, आणि बघता बघता सगळी गाडी दिसेनाशी झाली. थोडे बुडबुडे आले. मग रिळं वर आली.

"तितं आमची म्हस बसती," आबा म्हणाले. "रोज दुपारची. लय जड हाय."

मी दाजींकडे वळलो. "तुम्ही मापं घेतलीत ना?"

"घेतली. ती बसली होती तेवढी जागा सोडून घेतली," ते हळू आवाजात म्हणाले. "इतकी शांत बसली होती. उठवावंसं वाटेना."

त्यांनी रिळं मोजली नाहीत, काही जाहीर केलं नाही. नुसते म्हणाले, "चला. ठरलं ते ठरलं."

तेवढ्यात ताई खाली आली. तिनं चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. मध्यावर खड्ड्यात कमरेपर्यंत गेली, वाकली, चिखलात हात घालून चाचपत राहिली. मग तिनं मगर वर काढली. तिच्यातून तांब्याचं, शेगडीचं, सगळ्यांचं पाणी धो धो गळत होतं. आम्हाला वाटलं, आता ही माघारी येईल. ती तशीच पुढे चालत गेली. पलीकडच्या काठावर चढली, गाडी गवतावर ठेवली आणि पदरानं तिचं नाक पुसलं.

"आली पलीकडे," ती तिथून म्हणाली.

"अगं, पण ती आपली आपण नाही गेली," दाजी इकडून म्हणाले. जन्माचे आराखडेवाले, त्यांना खोटी रेघ चालत नसे.

"पाण्यातनं गेली ना? कशी जायची ते मी बोलले नव्हते." ती खाली बसली. "आणि तुमची माणसं मधेच राहिलीत. ती कोण आणणार, मी?"

दाजींनी चपला काढल्या. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. त्या राष्ट्राच्या सर्वेसर्वाला मी इतक्या वर्षांत पाण्यात उतरलेलं पाहिलं नव्हतं. एकेक पाऊल चाचपत ते गेले, एकेक रीळ उचलून टोपीत घातलं, आणि टोपी छातीशी धरून पलीकडे चढले. ताईनं हात दिला. मग दोघं गाडीच्या दोन बाजूंना बसली आणि रिळं गवतावर उन्हात मांडू लागली. दाजी एकेक पुढे करत होते आणि ताई विचारत होती, हा कोण, आणि हा कोण.

माझ्या वाट्याला त्यांच्या चपला आल्या. ते दोन्ही जोड हातात घेऊन मी तळ्याला वळसा घालून निघालो. लांबचा रस्ता, डोक्यावर ऊन, पायाखाली ढेकळं, आणि माझे पाय तर आधीच गेलेले. खरं म्हणजे मी भरभर जाऊन एकदाचं बसायला हवं होतं. पण अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा ताई हसत होती. असं हसताना तिला मी तिच्या लग्नाआधी पाहिलं होतं. नंतर केव्हातरी मी तिला विचारलं, काय बोलत होता गं इतकं. तर म्हणाली, काही नाही, तळेगावला दूध कोण घालेल ते विचारत होते. असेलही. आता विचारायला दोघंही नाहीत. त्या वेळी मला एवढंच कळलं, की मी पोचलो की बोलणं थांबणार. म्हणून मी बांधावरच्या एका दगडाशी थांबलो, चपलांतली माती झटकली, आणि मग तिथून पुढे होता होईल तितका हळू चालत गेलो.