किती वाजता शिजवणार?

आमच्या गल्लीच्या टोकाला विटांची उंच भिंत आहे. तिच्यात एक बुटकं लाकडी दार. भाजी हवी तर तिथे मान झुकवावीच लागायची, मग तुम्ही कितीही मोठे असा. आत मोठ्या घराची परसबाग होती, दोनशे वर्षांपूर्वी चाळीस माणसांच्या स्वयंपाकासाठी लावलेली. पुढे घरातली माणसं कमी होत गेली, भाजी उरायला लागली, आणि माळीकाका ती आम्हाला विकू लागले.

विकू लागले म्हणजे दारात भाजी मांडून बसले, असं मात्र नाही. नुसते काका आणि हातात विळा. "घेवडा आहे का?" विचारलं की उलटा प्रश्न यायचा, "किती वाजता शिजवणार?"

अकरा म्हटलं तर साडेदहाला या. संध्याकाळी करणार असाल तर संध्याकाळीच या. आधी तोडून ठेवलेल्या भाजीला ते 'प्रवास करून आलेली' म्हणत. गल्लीत त्यांचं नावच 'कितीवाजता' पडलं होतं.

शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी एकदा दहा सांगून मटार नेला आणि शिजवला चारला. दुसऱ्या दिवशी काकांनी दारातच अडवलं. "काल दहाला वास आला नाही."

"काका, तुम्ही माळी की पोलीस?"

"पोलिसाला चकवता येतं, बाई. मटाराला नाही."

काकूंचं गाऱ्हाणं निराळंच. "सगळ्या गल्लीच्या जेवणाच्या वेळा यांना पाठ. घरी मात्र ताट झाकून झाकून माझे हात दुखले."

मग मोठं घर एका संस्थेकडे गेलं. व्यवस्थापक मॅडम आल्या, पुढच्या फाटकाशी तिकीटखिडकी आली. बुटक्या दाराला कुलूप लागलं. काकांना ठेवून घेतलं, पगारही वाढवला. अट एकच होती, भाजी तोडायची नाही.

"वाफे भरलेले दिसायला हवेत, काका. लोक ऐतिहासिक बाग बघायला येतात."

"आणि खायला कोण येतं?"

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

वर्षभर काकांनी हुकूम पाळला. घेवडा जून झाला, मुळे पोकळ झाले, कोबीचे गड्डे तडकले. फ्लॉवर वेळेवर न काढल्यामुळे उंच वाढला आणि पिवळ्या फुलांनी भरून गेला. पाहुण्यांना तोच फार आवडला. मॅडमनी त्याचा फोटो तिकिटावर छापला.

ते तिकीट घेऊन काका माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आले. चहा दिला तर कप तसाच हातात धरून उभे राहिले.

"फुललेला फ्लॉवर म्हणजे माळी झोपला होता," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एक फुलू दिला नाही. आणि आता हे छापून वाटतात."

त्यांनी गार झालेला चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि विचारलं, "उद्या किती वाजता शिजवणार?"

"साडेअकराला," मी म्हटलं.

तिथून ते पुढच्या दाराशी गेले, मग त्याच्या पुढच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटकं दार वर्षानंतर उघडलं. काकांनी खाण्याजोगं होतं ते सगळं कापलं, ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या वेळेच्या क्रमानं. फुललेला फ्लॉवर मुळासकट उपटून खतात टाकला. मग कुलूप लावून किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. पुढचं मॅडमनीच मला नंतर सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या.

"काका, आज लोकांना दाखवू काय?"

"माती दाखवा. दोनशे वर्षं राबलीय. जरा बसलेली दिसू दे."

आता तिथे हिरवळ आणि बाकं आहेत. आमची भाजी प्रवास करून येते. मला मात्र त्या दिवसाची दुपार आठवते. काका गल्लीतून घरी निघाले होते, एकेका खिडकीखाली थांबत. माझ्या खिडकीशी आले तेव्हा पातेलं नुकतंच चढलं होतं.

"पाच मिनिटं उशीर," ते म्हणाले आणि पुढे झाले.

वहिनींनी बारा सांगितले होते. त्यांच्या खिडकीखाली ते भिंतीला टेकून बसून राहिले. मटाराचा वास आला, तेव्हा उठले.

घरी काकूंनी ताट झाकून ठेवलं होतं.