मापाची काठी

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका दुकानात मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. बायको म्हणते, एवढं काय झालं, माणसं याहून भयंकर ऐकतात आणि संध्याकाळी पोहे खातात. खरं आहे तिचं. पण त्या संध्याकाळी मला पोहेसुद्धा गिळवेनात.

यवतमाळचा एक निवृत्त गणिताचा मास्तर गोल्फ खेळतो, याचं आधी मलाच हसू यायचं. झालं असं, की आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांची दारव्हा रस्त्याला एक मुरमाड टेकडी आहे. तिच्यावर सोयाबीन येत नाही, तूर येत नाही, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, तर नावच नको. डॉक्टर पूर्वी सैन्यात होते, तिथे त्यांना हा नाद लागलेला. त्यांनी टेकडीवर ठिकठिकाणी भोकं खणली आणि प्रत्येक भोकाभोवती वाळूत इंजिनचं जुनं तेल कालवून ती गोल थापून घेतली, म्हणजे चेंडू तिच्यावरून सरळ घरंगळतो. हिरवळ औषधालाही नाही. जे काही गवत उगवतं ते गावातल्या बकऱ्या फुकटात कापतात. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे जमतो: डॉक्टर, दिग्रसचे एक जिनिंगवाले शेठ आणि मी. आमच्यातला कुणी जन्मात कधी स्पर्धेला जाणार नाही. बकऱ्या राखणारे आम्हाला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इतकं खेळूनही माझा चेंडू कधी सरळ गेला नाही. बाभळीत जायचा, रस्त्यावर जायचा, एकदा तर एका बकरीच्या पोटावर बसला आणि मला तिच्या मालकिणीच्या हातापाया पडावं लागलं. डॉक्टर सांगून सांगून थकले. "मास्तर, तुमचा डावा हात कमरेला चिकटतो. तो सोडा जरा," असं ते दर रविवारी म्हणायचे. मी हो म्हणायचो, काठी उचलायचो, आणि कोपर पुन्हा कमरेशी.

नाही जमत तर नाही, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण मला ते फार लागायचं, कारण हेच मी जन्मभर ऐकत आलो होतो. आमचं घर शेतकऱ्याचं. तिफणीमागे चालत बी सोडायला लावलं, तर माझी ओळ कुठे दाट आणि कुठे साफ रिकामी. विळा हातात दिला की गवताआधी बोट कापायचं. बैलाच्या वेसणीची गाठ मी मारली की ती हमखास सुटायची. बाबा चारचौघांत म्हणायचे, "याच्या हाताले वळणच नाही. याले शाळेत टाका." म्हणून मला यवतमाळच्या वसतिगृहात टाकलं, आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठा असलेला भाऊ वावरात राहिला. पुढे मी गणित घेतलं, त्याचं खरं कारणही हेच. गणिताला हात लागत नाहीत. पण फळ्यावर वर्तुळ काढायची वेळ आली की पोरं खाली मान घालून हसायची, आणि माझे कान तापायचे.

तर दोष काठीत आहे की माझ्यात, एवढं मला एकदा कळून घ्यायचं होतं. मी डॉक्टरांच्या जुन्या काठ्यांनी खेळायचो. डॉक्टर ताडासारखे उंच, मी बुटका. शेठनी मात्र नागपूरहून स्वतःच्या मापाच्या काठ्या करून आणल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना कंठ फुटला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शर्ट आपण मापाचा शिवतो, चष्मा मापाचा घेतो, मग काठीच का परक्याची? डॉक्टर हसायचे. म्हणायचे, जे रोज खेळतात, ज्यांचा फटका दर वेळी एकसारखा बसतो, त्यांना मापाचा उपयोग. आपला प्रत्येक फटका निराळा, मग माप घ्यायचं ते कोणत्या फटक्याचं? गणित म्हणून मला डॉक्टरांचं पटायचं. पण मनातून वाटायचं, शेठचं खरं निघावं. दोष काठीतच असावा.

दिवाळीनंतर मी कुणाला न सांगता एसटीनं नागपूरला गेलो. दुकान वरच्या मजल्यावर होतं. एका बाजूला भलामोठा पांढरा पडदा, समोर हिरवा गालिचा. पडद्यावर चेंडू मारायचा, आणि तो मैदानात कुठे गेला असता ते पडद्यावर दिसायचं. माप घेणारा गृहस्थ पन्नाशीचा, गोल पोटाचा आणि बोलण्याची भारी हौस असलेला. कधीकाळी तो हॉकी खेळायचा, हे मी खुर्चीत टेकायच्या आत त्यानं सांगून टाकलं. मी त्याला डॉक्टरांचा मुद्दा ऐकवला. तो म्हणाला, "उलट आहे सर. रोज खेळणारा चुकीच्या काठीलाही सांभाळून घेतो. नवशिका काय करतो, काठीसाठी स्वतःच वाकतो. आणि मग ते वाकडंच अंगवळणी पडतं."

त्यानं माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. बोटांची लांबी मोजली, म्हणजे मूठ किती जाड हवी ते कळतं. काठीच्या बुडाला पट्टी चिकटवून मला फटके मारायला लावले आणि पट्टी कुठे घासली जाते ते पाहिलं. मी आपला घाम पुसत मारत राहिलो. पडद्यावरचा चेंडू दर वेळी नव्या दिशेनं भरकटत होता. शेवटी त्यानं सांगितलं, काठी थोडी आखूड लागेल, मूठ थोडी बारीक लागेल, त्यानं जरा फरक पडेल. मी विचारलं, जरा म्हणजे किती? तो एवढा बोलका माणूस, पण घुटमळला. म्हणाला, "खोटं कशाला बोलू सर, काठीनं एवढं नाही सुधरत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे दोष माझाच. बाबांचं बरोबर होतं. त्याच्याकडे बघायची लाज वाटायला लागली, म्हणून काहीतरी करायचं म्हणून मी कोपऱ्यातला लांब दांड्याचा वायपर उचलला आणि गालिच्यावर पसरलेले चेंडू एका जागी लोटायला लागलो.

"थांबा सर," तो म्हणाला. "तुमचा डावा हात खाली आहे. उजव्या माणसाचा उजवा असतो."

मी म्हटलं, मग काय झालं? तो आत जाऊन दुसरी काठी घेऊन आला. हिचं पातं उलट्या बाजूला वळलेलं होतं. त्यानं मला चेंडूच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं आणि म्हणाला, काही विचार करू नका, वायपर मारला तसा मारा. मी चिडलो होतो. मी उजवा माणूस आहे, त्याला ठणकावून सांगितलं. उजव्या हातानं जेवतो, उजव्या हातानं लिहितो, उभा जन्म उजव्या हातानं फळा भरला. तो म्हणाला, एकदा मारा फक्त.

मारला. चेंडू सरळ गेला. पडद्यावर तो हवेत उंच चढला, मधोमध पडला आणि पुढे घरंगळत राहिला. मी पुन्हा मारला. पुन्हा सरळ. कोपर कमरेशी चिकटलं नाही, पाय अडखळले नाहीत. माझ्या अंगात दुसराच कुणी माणूस आहे आणि त्याला सगळं येतं, असं वाटून मला खरोखरच भीती वाटली. काठी त्याच्या हातात देऊन मी मटकन खाली बसलो.

त्यानं पाणी दिलं. म्हणाला, तो स्वतः डावखोरा, आणि हॉकीत डावखोऱ्याची काठीच नसते, त्यामुळे लहानपणी त्याच्या बोटांवर रोज छडी बसायची, म्हणून त्याला हे लगेच दिसतं. मग हळूच विचारलं, "घरी कुणी हात बदलला होता का तुमचा?"

मी नाही म्हणालो. मला तसं काही आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. काठीबिठी न घेताच मी तिथून निघालो. एसटीत सबंध रस्ताभर मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत बसलो. घरी आल्यावर कपाटातले फोटो काढले. लग्नाचा फोटो, शाळेतल्या शिक्षकांचा फोटो, निवृत्तीच्या दिवशी शाल पांघरलेला फोटो. प्रत्येकात माझा डावा हात कमरेशी, मूठ वळलेली. एवढी वर्षं हे फोटो घरात आहेत आणि मला ते कधी दिसलं नाही. बायकोला दाखवलं तर ती सहज म्हणाली, तुमची उभं राहायची पद्धतच तशी आहे, मला वाटलं ऐट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावी गेलो. आता माझ्या लहानपणचं सांगू शकेल असा भाऊ एकटाच उरला आहे. तो अंगणात पोत्यावर बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होता. मला अवचित आलेलं पाहून तो खूश झाला, वहिनीला चहा ठेवायला सांगितलं, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून कुरकुरला. मी ऐकून घेतलं. वहिनी आत गेल्यावर विचारलं.

"भाऊ, मी लहानपनी डावखोरा होतो का?"

"होता ना," तो म्हणाला. बोलताना त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"मंग उजवा कसा झालो?"

आता त्यानं वर पाहिलं. मी थट्टा करतोय की काय, हे तो निरखत होता. मग म्हणाला, "हात बांधला ना तुहा. करगोट्याले."

करगोटा म्हणजे कमरेचा काळा दोरा, लहान पोरांच्या कमरेला बांधतात तो. तो आपणहून सांगत राहिला. बाबा म्हणायचे, डाव्या हातानं बी टाकलं की वावर रुसतं. लोकांच्या पंगतीत मी डाव्या हातानं जेवायला बसलो की बाबांना खाली बघावं लागायचं. म्हणून त्यांनी भावाला काम नेमून दिलं. रोज सकाळी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं त्यानं माझं डावं मनगट कमरेच्या दोऱ्याला बांधायचं आणि निजताना सोडायचं. मी तेव्हा नुकता बोलायला लागलो होतो, आणि तोही काही फार मोठा नव्हता.

"तू लय रडे. सोड म्हने. सोडलं तं बाबा मलेच मारत, म्हनून मी आखीन गच्च बांधो," तो म्हणाला. शेंगा सोलणं थांबलं होतं. "मंग एक दिवस म्या चिंधी बांधलीच नाही. तरी तुहा हात तसाच कमरेशी. तुहा तूच ठेवला. त्याच्यानंतर बांधाचं काम नाही पडलं."

आधी दुःख नाही झालं, संताप आला. बाबा चारचौघांत माझ्या हाताला नावं ठेवत होते तेव्हा ते स्वतः जाणून होते. हा जाणून होता. मी विळ्यानं बोट कापून घेत होतो, गाव हसत होतं, आणि या घरातल्या एकालाही तोंड उघडून सांगावंसं वाटलं नाही, की याच्या हातात काही खोट नाही, आम्हीच तो बांधला. मी स्वतःला ठोंब्या समजत म्हातारा झालो. मला त्याला हलवून विचारायचं होतं, काहून नाही सांगितलं? शब्द ओठांवर आले होते.

पण तोच आधी बोलला. "तुले तं मालूमच होतं ना? मले वाटे, मालूम असून हा काही बोलत नाही. तू नोकरीले लागला अन् पयल्या पगारात मले घड्याळ आनलं. सोताच्या हातानं माह्या मनगटाले बांधलं. मी तवा गोठ्यामांगं जाऊन रडलो. म्हटलं, यानं मले माफ केलं."

मला ते घड्याळ आठवलं. वावरातल्या पंपाच्या मोटारीची लाइन, म्हणजे वीज, कधी येते आणि कधी जाते ते त्याला कळावं, एवढ्याचसाठी मी ते घेतलं होतं. दुसरा काही विचार मनात असायचं कारणच नव्हतं. आणि हा माणूस त्या घड्याळाच्या आधारावर अख्खं आयुष्य निर्धास्त झोपला होता.

त्यानं पुन्हा विचारलं, "मालूम होतं ना तुले?" या वेळी आवाज वेगळा होता. सत्तरी उलटलेला माझा भाऊ लहान पोरासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मूठभर शेंगा त्याच्या हातात तशाच राहिल्या होत्या.

"मालूम होतं, भाऊ," मी म्हणालो.

"मंग बरं," तो म्हणाला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला. मला तिथेच, चहा घेऊन बाहेर आलेल्या वहिनीच्या देखत, रडू फुटलं. ते का फुटलं हे मी त्याला कधीच सांगू शकणार नाही.