गालाच्या आतल्या पेशी

मंगळवारी आई गेली. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी निपाणीच्या शाळेत परत रुजू झालो. शिक्षकखोलीत सगळ्यांनी तिचं वय विचारलं. माझ्या तोंडून तिच्याविषयी शब्द निघेना. जीवशास्त्राच्या सरांनी काहीच विचारलं नाही.

हे सर डब्यातला कांदा खाण्याआधी त्याचा पापुद्रा उजेडात धरतात. शिकवताना "व्हय का न्हाय?" विचारतात आणि उत्तरासाठी खरोखर थांबतात.

दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. "सर, तोंड उघडा." काडीनं गाल आतून हलकेच खरवडून त्यांनी ती काचपट्टीवर घासली आणि वर निळ्या रंगाचा थेंब सोडला. सूक्ष्मदर्शकात फिकट पेशी दिसल्या, प्रत्येकीत एक गडद ठिपका.

"ते केंद्रक. जिवाणूच्या पेशीत ते नसतंय. पेशी आधीच्या पेशीतनंच तयार हुतीय, हे लोकांना लई उशिरा पटलं. तुमची पहिली पेशी आईच्या पेशीतनं आली. मधी कुठंच तुटलं न्हाय. व्हय का न्हाय?"

तासाची घंटा झाली. ते थांबून राहिले.

"व्हय," मी म्हणालो. आईविषयी मी बोललेला तो पहिला शब्द.

काचपट्टी त्यांनी धुऊन ठेवली, पुढच्या वर्गाला लागणार होती. आई नाही. तिच्या पेशीपासून झालेल्या पेशी माझ्यात आहेत.